हुकूमशहाला दार उघडून देणारा सेनानी

३० जानेवारी १९३३ रोजी बर्लिनमध्ये जर्मनीच्या नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. शपथ देणारे राष्ट्राध्यक्ष ८५ वर्षांचे होते, शपथ घेणारा चॅन्सेलर ४३ वर्षांचा. राष्ट्राध्यक्षांनी पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या संपूर्ण सैन्याचे नेतृत्व केले होते. चॅन्सेलर त्याच सैन्यात हवालदाराच्याही खालच्या दर्जाचा शिपाई होता. वृद्ध सेनानीच्या मनात या माणसाविषयी आदर नव्हता. जेमतेम साडेपाच महिन्यांपूर्वी, ऑगस्ट १९३२ मध्ये, त्यांनी त्याला चॅन्सेलरपद देण्यास स्पष्ट नकार दिला होता. तरीही त्या दिवशी त्यांनी नेमणुकीवर सही केली. सही करणारे होते पॉल फॉन हिंडेनबर्ग आणि नेमणूक होती अॅडॉल्फ हिटलरची. त्यानंतर सात वर्षे उलटण्याआधीच युरोपात पुन्हा तोफा धडधडू लागल्या.

दुसऱ्या महायुद्धाची कारणे सांगताना व्हर्सायचा तह, जागतिक मंदी, हिटलरची साम्राज्यतृष्णा आणि ब्रिटन-फ्रान्सचे बोटचेपे धोरण यांचा उल्लेख होतो. ही कारणे खरीच आहेत. परंतु हुकूमशहा सत्तेपर्यंत पोहोचतो कसा, याचे उत्तर केवळ त्याच्या चरित्रात सापडत नाही. त्याच्या हाती सत्ता सोपवणाऱ्यांची चरित्रेही त्यासाठी वाचावी लागतात. इटलीत १९२२ मध्ये मुसोलिनीच्या अनुयायांनी रोमवर चाल केली खरी, पण मुसोलिनीला पंतप्रधानपदासाठी पाचारण केले ते राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने. जर्मनीत तेच काम हिंडेनबर्ग यांच्या हातून झाले. ते नाझी नव्हते. म्हणूनच त्यांची कहाणी अधिक अस्वस्थ करणारी आहे.

हिंडेनबर्ग यांचा जन्म २ ऑक्टोबर १८४७ रोजी पोझेन येथे झाला. हे शहर तेव्हा प्रशियाच्या राज्यात होते. आज ते पोलंडमधील पोझ्नान म्हणून ओळखले जाते. वडील प्रशियाच्या जमीनदार-सरदार घराण्यातील लष्करी अधिकारी, तर आई डॉक्टरची मुलगी. वयाच्या अकराव्या वर्षी मुलाची रवानगी लष्करी शाळेत झाली आणि गणवेश हेच त्याचे आयुष्य बनले. १८६६ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धच्या कोनिगग्रेट्झच्या लढाईत शत्रूची गोळी त्यांचे शिरस्त्राण भेदून गेली. डोक्याला जखम झाली, पण जीव बचावला. १८७०-७१ च्या युद्धात ते फ्रान्सविरुद्ध लढले. १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यातील आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, तेव्हा आपल्या रेजिमेंटचा प्रतिनिधी म्हणून हा तरुण अधिकारी तेथे हजर होता. याच आरसेमहालात ४८ वर्षांनंतर जर्मनीला पराभवाच्या तहावर सही करावी लागणार होती.

पुढची चार दशके शांततेच्या काळातील नोकरीत गेली. बढत्या वेळेवर मिळाल्या, जनरलपदही मिळाले. १९११ मध्ये ६३ व्या वर्षी ते निवृत्त झाले आणि हॅनोवरमध्ये स्थायिक झाले. त्यांची कारकीर्द तेथेच संपली असती, तर प्रशियाच्या लष्करी इतिहासातील तळटिपेपलीकडे त्यांचे नाव उरले नसते.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. रशियाच्या दोन सेना पूर्व प्रशियात घुसल्या आणि तेथील जर्मन सेनापती माघारीची भाषा बोलू लागला. त्याला दूर करून ६६ वर्षांच्या हिंडेनबर्ग यांना घरून बोलावण्यात आले. त्यांचे प्रमुख सहायक म्हणून एरिक लुडेनडॉर्फ या कर्तबगार पण उतावळ्या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. दोघांची पहिली भेट हॅनोवरच्या रेल्वे स्थानकावर झाली. हे दोघे आघाडीवर पोहोचण्यापूर्वीच कर्नल मॅक्स हॉफमन याने सैन्याच्या हालचालींची आखणी सुरू केली होती. रशियन सेनापती आपले संदेश सांकेतिक भाषेत न पाठवता बिनतारी यंत्रावरून उघड पाठवत असल्याने त्यांचे बेत जर्मनांना आधीच कळत होते. २६ ते ३० ऑगस्टच्या लढाईत रशियाची दुसरी सेना नष्ट झाली. ९० हजारांहून अधिक सैनिक कैद झाले आणि त्यांचा सेनापती सॅमसोनोव्ह याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

या विजयाला टॅनेनबर्गची लढाई असे नाव जाणीवपूर्वक देण्यात आले. १४१० मध्ये याच परिसरात पोलंड-लिथुआनियाच्या फौजांनी ट्युटॉनिक सरदारांचा पराभव केला होता. त्या जुन्या अपमानाचा बदला घेतला गेला, असे त्यातून सुचवायचे होते. विजयात हॉफमन आणि लुडेनडॉर्फ यांचा वाटा मोठा होता, पण श्रेय लोकांनी हिंडेनबर्ग यांच्या पदरात टाकले. लढाईपूर्वी, लढाईनंतर आणि खरे तर लढाई चालू असतानाही सेनापती कोठे झोपले होते ते हॉफमन पाहुण्यांना दाखवत असे, असा किस्सा पुढे प्रसिद्ध झाला. जनतेला मात्र अशा किश्शांशी कर्तव्य नव्हते. पश्चिम आघाडीवर युद्ध खंदकांत रुतले होते आणि देशाला एक विजयी वीर हवा होता. भरदार देह, चौकोनी चेहरा, झुपकेदार मिशा आणि मितभाषी स्वभाव यांमुळे हिंडेनबर्ग त्या चौकटीत नेमके बसले. १९१५ मध्ये बर्लिनमध्ये त्यांचा सुमारे १२ मीटर उंचीचा लाकडी पुतळा उभारण्यात आला. युद्धनिधीला देणगी द्यायची आणि पुतळ्यात एक खिळा ठोकायचा, अशी ती योजना होती. लोक रांगा लावून खिळे ठोकत होते. माणसाची दंतकथा होण्याची ही सुरुवात होती.

ऑगस्ट १९१६ मध्ये हिंडेनबर्ग सरसेनापती झाले. कैसर दुसरा विल्हेल्म नावापुरता सर्वोच्च उरला. खरी सत्ता हिंडेनबर्ग आणि लुडेनडॉर्फ या जोडीकडे गेली. उद्योग, मजूर, अन्नधान्य या सर्वांना युद्धाच्या दावणीला बांधण्यात आले. ब्रिटनच्या नाकेबंदीमुळे १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मन जनतेला बटाट्याऐवजी सलगमावर दिवस काढावे लागले. या जोडीच्या आग्रहामुळे फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांचे अनिर्बंध युद्ध सुरू झाले. त्याचा परिणाम म्हणून एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. जुलैमध्ये याच दोघांनी चॅन्सेलर बेथमान-होल्वेग यांना पायउतार होण्यास भाग पाडले. निवडून न आलेल्या सेनापतींनी राज्य चालवण्याची चव जर्मनीने तेव्हाच घेतली होती.

१९१८ च्या वसंत ऋतूतील मोठी चढाई फसली आणि उन्हाळ्यात जर्मन आघाडी मागे हटू लागली. २९ सप्टेंबर १९१८ रोजी हिंडेनबर्ग आणि लुडेनडॉर्फ यांनीच कैसरला सांगितले की युद्ध जिंकणे आता अशक्य आहे आणि तातडीने युद्धबंदी मागावी लागेल. मात्र ती मागण्याची जबाबदारी नव्या मुलकी सरकारवर टाकण्यात आली. ९ नोव्हेंबरला कैसरला सिंहासन सोडावे लागले आणि त्यानंतर तो हॉलंडला गेला. सैन्य आता त्याच्या पाठीशी नाही, हे कटू सत्य त्याला ऐकवण्याचे काम हिंडेनबर्ग यांनी जनरल ग्रोनर यांच्यावर सोपवले. ११ नोव्हेंबरच्या युद्धबंदीवर जर्मनीच्या वतीने पहिली सही कोणा सेनापतीने केली नाही. ती मथियास एर्झबर्गर या मुलकी राजकारण्याने केली. जून १९१९ मध्ये व्हर्सायचा तह स्वीकारावा की पुन्हा लढावे, असा प्रश्न सरकारने सेनापतींना विचारला. लढणे शक्य नाही, हे हिंडेनबर्ग जाणून होते. पण ते उत्तर दूरध्वनीवरून देण्याची वेळ आली तेव्हा ते खोलीबाहेर निघून गेले आणि ग्रोनर यांनाच बोलावे लागले.

व्हर्सायच्या तहाने जर्मनीचे सैन्य एक लाखावर आणले आणि युद्धाची जबाबदारी तिच्यावर टाकली. १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची नुकसानभरपाई ठरली. पोझेनसह मोठा प्रदेश पोलंडला मिळाला. हिंडेनबर्ग यांचे जन्मगाव परक्या देशात गेले आणि पूर्व प्रशिया उर्वरित जर्मनीपासून तुटला. जखम खोल होती यात शंका नाही. पण ही जखम कोणामुळे झाली, हे जर्मन जनतेला कोणी तरी खरे सांगायला हवे होते. ते सांगण्याचा अधिकार सर्वाधिक कोणाला असेल, तर तो हिंडेनबर्ग यांना होता.

१८ नोव्हेंबर १९१९ रोजी युद्धाची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे त्यांची साक्ष झाली. प्रश्नांना उत्तरे देण्याऐवजी त्यांनी लिहून आणलेले निवेदन वाचले. सैन्य रणांगणावर हरले नव्हते, मायदेशातील फितुरीने त्याच्या पाठीत खंजीर खुपसला, असा त्याचा आशय होता. वर्षभरापूर्वी युद्धबंदीसाठी घाई करणारा सेनापतीच हे सांगत होता. आधीपासून कुजबुजीत असलेल्या या असत्याला आता फील्ड मार्शलची मोहोर लाभली. प्रजासत्ताकाचे नेते, समाजवादी आणि ज्यू यांच्याकडे देशद्रोही म्हणून बोट दाखवले जाऊ लागले. ऑगस्ट १९२१ मध्ये एर्झबर्गर यांची अतिरेकी राष्ट्रवाद्यांनी गोळ्या घालून हत्या केली. म्युनिचच्या दारूच्या गुत्त्यांत भाषणे देणाऱ्या हिटलरने तर याच कथेवर आपले राजकारण उभे केले. त्याच्या सत्तेच्या शिडीची पहिली पायरी हिंडेनबर्ग यांनी अशी नकळत घडवली.

फेब्रुवारी १९२५ मध्ये प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांचे निधन झाले. निवडणुकीच्या पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. उजव्या पक्षांना जिंकू शकेल असा चेहरा हवा होता. अॅडमिरल टिर्पिट्झ यांनी हॅनोवर गाठून ७७ वर्षांच्या हिंडेनबर्ग यांचे मन वळवले. २६ एप्रिल १९२५ च्या दुसऱ्या फेरीत त्यांना १ कोटी ४६ लाखांहून अधिक, तर प्रजासत्ताकवाद्यांचे उमेदवार विल्हेल्म मार्क्स यांना १ कोटी ३७ लाखांहून अधिक मते पडली. कम्युनिस्टांनी आपला उमेदवार थेलमान याला रिंगणात कायम ठेवले आणि त्याने १९ लाखांहून अधिक मते घेतली. विरोधकांची मते फुटली नसती, तर जर्मनीच्या इतिहासाला वेगळे वळण लागण्याची शक्यता होती.

राजेशाहीवर निष्ठा असलेल्या या सेनानीने प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेची शपथ घेतली आणि पहिली पाच वर्षे ती बऱ्यापैकी पाळलीही. परराष्ट्रमंत्री गुस्ताव श्ट्रेसेमान यांच्या समेटाच्या धोरणाला त्यांनी अडवले नाही. १९२६ मध्ये जर्मनी राष्ट्रसंघाची सदस्य झाली. नाणे स्थिरावले, कारखाने सुरू झाले. १९२८ च्या निवडणुकीत नाझींना अवघ्या १२ जागा मिळाल्या होत्या, हे विसरता कामा नये. हिटलरचा उदय व्हर्सायमुळे अटळ होता, असे म्हणणाऱ्यांना हा आकडा अडचणीत टाकतो.

ऑक्टोबर १९२९ मध्ये श्ट्रेसेमान यांचे निधन झाले आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. अमेरिकी कर्जावर उभी असलेली जर्मन अर्थव्यवस्था ढासळली. १९३२ च्या आरंभी बेकारांची संख्या ६० लाखांपलीकडे गेली. संसदेत बहुमत जमेना. राज्यघटनेच्या कलम ४८ नुसार राष्ट्राध्यक्षांना आणीबाणीत वटहुकूम काढण्याचा अधिकार होता. १९३० मध्ये हिंडेनबर्ग यांनी हाइन्रिश ब्रूनिंग यांना चॅन्सेलर नेमले आणि संसदेने नाकारलेले आर्थिक निर्णय वटहुकमाने लागू केले. संसद विसर्जित झाली. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. अपवादासाठी ठेवलेले कलम रोजच्या कारभाराचे साधन बनले. संसदेला वगळून राज्य चालू शकते, याची देशाला सवय लागत गेली.

१९३२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली. समोर हिटलर उभा होता. १९२५ मध्ये हिंडेनबर्ग यांना विरोध करणाऱ्या समाजवाद्यांनी आणि कॅथॉलिक पक्षाने या वेळी हिटलरला रोखण्यासाठी त्यांनाच मते दिली. १० एप्रिलच्या निर्णायक फेरीत हिंडेनबर्ग यांना ५३ टक्के, तर हिटलरला सुमारे ३७ टक्के मते मिळाली. हिटलरला नको म्हणून एक कोटी ९३ लाखांहून अधिक मतदारांनी ८४ वर्षांच्या या सेनानीवर विश्वास टाकला होता. पण समाजवाद्यांच्या मतांवर निवडून येणे त्यांना मानहानीचे वाटले. अवघ्या सात आठवड्यांत, ज्यांनी त्यांच्या विजयासाठी रान उठवले होते त्या ब्रूनिंग यांनाच त्यांनी घरी पाठवले.

यामागे राष्ट्राध्यक्षांभोवतीचे कोंडाळे होते. त्यात मुलगा ऑस्कर, सचिव ओटो माइसनर, कारस्थानी जनरल कुर्ट फॉन श्लायशर आणि सरदार घराण्यातील फ्रान्झ फॉन पापेन ही मंडळी होती. पूर्व प्रशियाचे जमीनदारही त्यांचे कान भरत होते. १९२७ मध्ये ८० व्या वाढदिवशी उद्योगपती आणि जमीनदारांनी वर्गणी काढून नॉयडेक ही वडिलोपार्जित जहागीर हिंडेनबर्ग यांना भेट दिली होती आणि वारसाकर टाळण्यासाठी ती मुलाच्या नावावर चढवण्यात आली होती. दिवाळखोर जमीनदारांच्या जमिनीवर भूमिहीनांना वसवण्याची ब्रूनिंग यांची योजना या वर्गाला झोंबली होती.

ब्रूनिंग यांच्या जागी पापेन आले. २० जुलै १९३२ रोजी कलम ४८ वापरून त्यांनी प्रशियाचे समाजवादी नेतृत्वाखालील सरकार बरखास्त केले. जुलैच्या निवडणुकीत नाझी २३० जागांसह सर्वांत मोठा पक्ष ठरले. सप्टेंबरमध्ये पापेन यांच्यावरील अविश्वास ठराव ५१२ विरुद्ध ४२ मतांनी संमत झाला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि नाझींच्या जागा १९६ वर घसरल्या. पक्षाची तिजोरी रिकामी होती, कार्यकर्ते निराश होते. हिटलरची लाट ओसरू लागल्याची चिन्हे दिसत होती.

नेमक्या याच वेळी दरबारी राजकारणाने त्याला हात दिला. डिसेंबरमध्ये श्लायशर चॅन्सेलर झाल्याने पापेन दुखावले. ४ जानेवारी १९३३ रोजी कोलोन येथे एका बँकरच्या घरी पापेन आणि हिटलर यांची भेट झाली. हिटलर चॅन्सेलर, पापेन उपचॅन्सेलर आणि बहुसंख्य मंत्री जुन्या वळणाचे, असा आराखडा तयार झाला. हिटलरला चारी बाजूंनी घेरून आपल्याला हवे तसे वापरून घेता येईल, असा पापेन यांचा हिशेब होता. श्लायशर यांनी संसद विसर्जित करण्याची परवानगी मागितली. हिंडेनबर्ग यांनी ती नाकारली. २८ जानेवारीला श्लायशर पायउतार झाले आणि दोन दिवसांनी हिटलरचा शपथविधी झाला. मंत्रिमंडळात हिटलरसह केवळ तिघे नाझी होते. मात्र फ्रिकला गृहखाते आणि गोअरिंगला प्रशियाचे पोलीस मिळाले होते. घेरणाऱ्यांच्या हिशेबात ही बाब राहूनच गेली.

पुढचे सारे विलक्षण वेगाने घडले. २७ फेब्रुवारीला संसद भवनाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी हिंडेनबर्ग यांच्या सहीने निघालेल्या वटहुकमाने व्यक्तिस्वातंत्र्य, भाषण, वृत्तपत्रे आणि सभा यांचे हक्क गोठवले. हा वटहुकूम १९४५ पर्यंत कायम राहिला. २१ मार्चला पोट्सडामच्या चर्चमध्ये नवी संसद सुरू झाल्याचा सोहळा झाला. फील्ड मार्शलच्या गणवेशातील हिंडेनबर्ग यांच्यापुढे काळ्या कोटातला हिटलर नम्रपणे झुकला आणि ते छायाचित्र देशभर पोहोचले. जुन्या जर्मनीने नव्या नेत्याला आशीर्वाद दिला, असा त्याचा अर्थ लावला गेला. दोनच दिवसांनी संसदेने सर्व कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या स्वाधीन केला. कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात किंवा परागंदा होते. विरोधात मते पडली ती केवळ ९४, आणि ती सर्व समाजवाद्यांची होती. या कायद्यामुळे राष्ट्राध्यक्षांच्या सहीचीही गरज उरली नाही. हिंडेनबर्ग यांनी हरकत घेतली नाही.

आपला शब्द चालतो, याचा प्रत्यय त्यांना एकदा आला होता. एप्रिल १९३३ मध्ये ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याची तयारी सुरू झाली, तेव्हा आघाडीवर लढलेल्या ज्यू सैनिकांना वगळावे, असे पत्र त्यांनी हिटलरला लिहिले. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मनीसाठी लढले होते आणि सुमारे १२ हजार धारातीर्थी पडले होते. हिटलरला ती सवलत द्यावी लागली. मात्र उरलेल्या ज्यूंसाठी वृद्ध राष्ट्राध्यक्षांनी काही मागितले नाही आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९३५ मध्ये ही सवलतही संपुष्टात आली.

३० जून १९३४ पासून हिटलरने आपल्या विरोधकांचे शिरकाण केले. त्यात श्लायशर आणि त्यांच्या पत्नी यांना घरात घुसून ठार मारण्यात आले. जर्मनीचा माजी चॅन्सेलर असा मारला गेला असताना हिंडेनबर्ग यांच्या नावाने हिटलरला अभिनंदनाची तार गेली. २ ऑगस्ट १९३४ रोजी नॉयडेक येथे ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे प्राण जाण्याआधीच, १ ऑगस्टला, राष्ट्राध्यक्ष आणि चॅन्सेलर ही दोन्ही पदे हिटलरकडे देणारा कायदा तयार झाला होता. निधनाच्या दिवशीच सैनिकांना शपथ देण्यात आली. ती आता देशाची किंवा घटनेची नव्हती, हिटलर या व्यक्तीच्या बिनशर्त आज्ञापालनाची होती. युद्धाचा मार्ग चुकीचा वाटणाऱ्या अनेक अधिकाऱ्यांचे हात पुढे याच शपथेने बांधले गेले.

त्यानंतर हिटलरला देशात कोणीही रोखणारे उरले नाही. १९३५ मध्ये सक्तीची लष्करभरती, १९३६ मध्ये ऱ्हाइनलँड, १९३८ मध्ये ऑस्ट्रिया आणि सुडेटनलँड, मार्च १९३९ मध्ये प्राग आणि १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंड असा क्रम लागला. पहिला घाव पडला तो हिंडेनबर्ग यांची जन्मभूमी ज्या देशाकडे गेली होती त्या पोलंडवरच.

पत्नीशेजारी चिरविश्रांती घेण्याची हिंडेनबर्ग यांची इच्छा होती. हिटलरने त्यांचे दफन टॅनेनबर्गच्या भव्य स्मारकात केले. जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा पुन्हा पूर्व प्रशियात शिरल्या, तेव्हा माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने दोघांच्या शवपेट्या काढल्या आणि स्मारक सुरुंगाने उडवले. थुरिंगियातील मिठाच्या खाणीत लपवलेल्या त्या पेट्या अमेरिकी सैनिकांना सापडल्या. १९४६ मध्ये मारबुर्ग शहरातील एका जुन्या चर्चच्या अंधाऱ्या कोपऱ्यात त्यांना जागा मिळाली. त्यांचे नाव दिलेले अवाढव्य हवाई जहाज १९३७ मध्येच अमेरिकेत उतरताना जळून खाक झाले होते आणि जगातील अनेकांना हे नाव आता त्या दुर्घटनेमुळेच ठाऊक आहे. १९३३ मध्ये हिटलरबरोबरच बर्लिनचे सन्माननीय नागरिकत्व मिळालेल्या हिंडेनबर्ग यांचे नाव त्या यादीतून २०२० मध्ये वगळण्यात आले. हिटलरचे नाव कधीच वगळले गेले होते. त्याच्या हाती देश सोपवणाऱ्याचा निवाडा करायला बर्लिनला आणखी ७० वर्षे लागली.